अर्जासोबत मुलीच्या कामाचे कोणते पाच नमुने द्यावेत?

तुमचा प्रश्न मी सावकाश दोनदा वाचला. मुलगी साडेआठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते, आणि प्रज्ञावंत मुलांसाठीच्या एका कार्यक्रमाच्या अर्जासोबत तिच्या कामाचे पाच नमुने व पालकांचे एक पानाचे पत्र जोडायचे आहे. घरात दोन खोकी भरून कागद आहेत: गणिताच्या चाचण्या, त्यांत बहुतेकांत जवळजवळ पूर्ण गुण, चित्रकला स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि काही चित्रे, बावीस पानांची अर्धवट राहिलेली गोष्ट, मुंग्यांच्या निरीक्षणाची वही, पुठ्ठ्याचा एक पूल, आणि शाळेच्या कार्यक्रमात म्हटलेली कविता. मुदत तीन आठवड्यांवर आली आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. यांतले सर्वांत चांगले पाच कसे ओळखायचे, आणि गोष्ट मुलीकडून स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून घेतली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच देते. उतरवून घेऊ नका. त्याची कारणे पुढे येतील. पहिल्या प्रश्नाबाबत मात्र मला आधी 'सर्वांत चांगले' या शब्दांपाशी थांबावेसे वाटते, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. आई-वडील खोके उघडतात तेव्हा त्यांना चांगले म्हणजे नीटनेटके, पूर्ण झालेले, कुणीतरी वाखाणलेले काम दिसते. निवड करणारी व्यक्ती तेच खोके उघडते तेव्हा ती या मुलीने काय मिळवले यापेक्षा ही मुलगी विचार कसा करते याचा शोध घेत असते. मिळवलेल्या गोष्टी गुणपत्रिकेत आणि शिक्षकांच्या शिफारशीत आधीच आलेल्या असतात. नमुने मागवले जातात ते त्या कागदांतून जे कळत नाही ते कळावे म्हणून. मी आधी वर्गात शिकवले आणि नंतर बरीच वर्षे अशा अर्जांच्या फायली वाचल्या; माझा अनुभव असा, की हुशार मुलांच्या फायली दुबळ्या होतात त्या काम कमी पडल्यामुळे क्वचितच. पालकांनी विचाराच्या खुणा असलेले कागद खोक्यातच ठेवले आणि चकचकीत कागद पाठवले, असेच बहुतेक वेळा घडलेले असते.

तरीही काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या पाहिल्याशिवाय कोणाचाही सल्ला, माझाही, जसाच्या तसा घेऊ नये. कार्यक्रम 'प्रज्ञावंत' कोणाला म्हणतो हे आधी अर्जाच्या सूचनांतून शोधा. या शब्दाच्या एकाहून अधिक व्याख्या प्रचलित आहेत आणि प्रत्येकीला वेगळे नमुने पटतात. अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेली तीन वर्तुळांची कल्पना अनेक कार्यक्रमांच्या मुळाशी आहे: सरासरीहून वरची क्षमता, हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती आणि सर्जनशीलता ही तीन वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तिथे प्रज्ञावंतांचे वर्तन दिसते, असे ते म्हणतात. तुमच्या सूचनांत 'चिकाटी', 'दीर्घकाळ रस', 'स्वतःहून केलेले काम' असे शब्द असतील तर कार्यक्रम या धारेतला आहे असे समजायला हरकत नाही, आणि मग दोन महिने चाललेली मुंग्यांची वही कुठल्याही चाचणीपेक्षा अधिक बोलेल. 'कल्पनांचा ओघ', 'लवचीकता', 'नावीन्य', 'तपशील भरण्याची क्षमता' असे निकष दिसले तर ते मानसशास्त्रज्ञ पॉल टॉरन्स यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्जनशीलतेच्या चाचण्यांच्या भाषेतले आहेत, आणि तिथे एकाच प्रश्नाला मुलीने शोधलेली चार वेगवेगळी उत्तरे असलेले पान उपयोगी पडेल. कार्यक्रम केवळ गणिताचा असेल तर चित्र पुन्हा पालटते. मानसशास्त्रज्ञ जुलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जो उपक्रम सुरू केला, त्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मोठ्या मुलांसाठीची परीक्षा देऊ करण्यात आली, कारण आपल्या इयत्तेच्या परीक्षेत सगळीच हुशार मुले पूर्ण गुण मिळवतात आणि त्यांच्यातला फरक दिसेनासा होतो. तुमच्या मुलीच्या चाचण्यांबाबत नेमकी हीच अडचण आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण इतकेच सांगतात की परीक्षेची उंची तिला पुरली नाही. ती स्वतः कुठपर्यंत पोहोचते ते त्यातून कळत नाही.

नमुने हे चाचणीला जोड म्हणून मागितले आहेत की चाचणीऐवजी, हेही पाहा. जोड म्हणून असतील तर चाचणीत न दिसणारी बाजू दाखवणे महत्त्वाचे. चाचणीऐवजी असतील तर एखादा तरी नमुना इयत्तेच्या बराच पुढचा असायला हवा. विषयवार नमुने सक्तीचे असतील, म्हणजे भाषेचा एक, गणिताचा एक असे, तर तो नियम तंतोतंत पाळा. पुढे मी एकाच विषयात खोल जाण्याबद्दल जे सांगणार आहे ते त्या चौकटीत राहूनच करावे लागेल.

आता हे कागद वाचले कसे जातात याबद्दल थोडे. फाइल बहुधा एकाहून अधिक जण स्वतंत्रपणे वाचतात, समोर निकषांचा तक्ता असतो, आणि वेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. त्यामुळे नमुन्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात वाचणाऱ्याला थांबवले पाहिजे. थांबवणारी गोष्ट सजावट नसते, एखादी अनपेक्षित हालचाल असते: मुलाने स्वतःचीच चूक पकडलेली, नियम सापडला म्हणून समासात मोठे उद्गारचिन्ह काढलेले, शिक्षकांनी न विचारलेला प्रश्न उत्तराखाली लिहिलेला. वाचणारेही चुकतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिगुणांकाच्या आधारे पंधराशेहून अधिक मुले निवडून त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास सुरू केला. त्या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले गुण कमी पडल्यामुळे बाहेर राहिली, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, शॉकलींना १९५६ मध्ये व अल्वारेझ यांना १९६८ मध्ये. एका आकड्यावर निवड सोपवली की काय निसटते याचे हे उदाहरण मला नेहमी आठवते, आणि नमुने मागवण्याची पद्धत मला मनापासून योग्य वाटते ती याच कारणाने.

विचाराची खूण म्हणजे नेमके काय, हे एक पान जवळून दाखवल्याशिवाय स्पष्ट होणार नाही. काही वर्षांपूर्वी आठ वर्षांच्या एका मुलाची फाइल माझ्यापुढे आली होती. वर चार अंकी गुणाकारांचे एक सुंदर पान होते, तीस गणिते, तिसांतली तीस बरोबर, खाडाखोड एकही नाही. त्याच्या मागे, बहुधा चुकून राहिलेला, वहीचा एक चुरगळलेला कागद होता. त्यावर पाच ठिपके काढलेले होते आणि प्रत्येक ठिपक्यापासून प्रत्येक ठिपक्यापर्यंत रेघा. प्रश्न वर लिहिलेला होता: पाच मुलांनी एकमेकांशी हात मिळवले तर एकूण किती वेळा? त्याखाली पंचवीस लिहून खोडले होते. शेजारी अगदी बारीक अक्षरात लिहिले होते, 'स्वतःशी हात नाही मिळवत.' मग वीस लिहून तेही खोडले होते, आणि पुन्हा बारीक अक्षरात, 'मी त्याच्याशी आणि तो माझ्याशी, हे एकदाच.' मग दहा. दहाभोवती गोल. कागद तिथेच संपला असता तरी पुरे होते, पण खाली त्याने सहा मुलांसाठी पंधरा, सातांसाठी एकवीस असे लिहिले होते आणि शेवटी एक वाक्य होते: 'नवा मुलगा आला की तो सगळ्या जुन्यांशी मिळवतो.'

त्या पानावरच्या दोन खोडलेल्या आकड्यांत एका मुलाचा सगळा तर्क उलगडलेला होता. पंचवीस का नाही हे त्याला कळले, वीस का नाही हेही कळले, आणि दहा मिळाल्यावर न थांबता त्याने नियम शोधला. गुणाकारांच्या पानावरून आम्हाला एवढेच समजले होते की त्याला एक रीत अचूक येते आणि तो कंटाळत नाही. दोन्ही गुण चांगलेच आहेत, पण ती रीत त्याला कोणी शिकवली, किती सराव करून घेतला, हे पानावर कुठेच नव्हते. पालकांनी तो चुरगळलेला कागद स्वच्छ उतरवून घेतला असता तर त्यावर 'उत्तर: दहा' एवढेच उरले असते.

म्हणूनच तुमची बावीस पानांची गोष्ट जशी आहे तशीच द्या. स्वच्छ प्रत करताना मूल नकळत शब्द सोपे करते, अवघड वाक्य टाळते, समासातली बाण काढून केलेली भर वाक्यात मुरवून टाकते, आणि आपल्यासारखे मोठे शेजारी बसलेले असतील तर शुद्धलेखनाबरोबर थोडी वाक्यरचनाही सुधारली जाते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण फाइल वाचणाऱ्याला तो मोठ्या माणसाचा हात जाणवतो आणि मग इतर चार नमुन्यांवरचा विश्वासही थोडा डळमळतो. अक्षर अगदीच लागत नसेल तर मूळ पानाच्या छायाप्रतीला टंकलिखित मजकूर जोडा, शब्दाला शब्द, चुकांसकट, आणि तो तुम्ही टाइप केला आहे असे लिहा. लहान वयातल्या शुद्धलेखनाच्या चुका कोणी मोजत नाही. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे उलटी काढणेही सर्रास आढळते आणि त्यावरून बुद्धीबद्दल कोणताही निष्कर्ष निघत नाही.

बावीस पाने मात्र सगळी देऊ नका. सूचनांत पानांची मर्यादा नसली तरी वाचणाऱ्याच्या वेळेची मर्यादा असतेच. दोन किंवा तीन पाने निवडा, आणि ती निवडताना सुरुवात टाळा, कारण मुलांच्या गोष्टींची सुरुवात बहुधा वाचलेल्या गोष्टींसारखीच असते. पात्राने काहीतरी अनपेक्षित केले, मुलीने मागे जाऊन एखादी घटना बदलली, एकच प्रसंग दोन पात्रांच्या नजरेतून लिहिला, तिच्या मनात गोष्टीच्या जगाचे काही नियम आहेत आणि ती ते पाळते आहे असे जिथे दिसते, ती पाने शोधा. तिने गोष्टीसाठी नकाशा, पात्रांची यादी किंवा वंशवृक्ष काढला असेल तर तो कागद नक्की जोडा. आठ वर्षांच्या मुलीने स्वतःहून केलेली अशी आखणी मोठीच गोष्ट आहे. गोष्ट अर्धवट आहे याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

इथे एक पोटप्रश्न येतो, जो तुम्ही विचारलेला नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. काही मुले बोलताना विलक्षण असतात आणि कागदावर दोन ओळींपुढे जात नाहीत. यामागे कधी केवळ कंटाळा असतो, कधी डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनातली अडचण असते, आणि तीव्र बुद्धी व अशी अडचण एकाच मुलात असू शकतात हे आता सर्वमान्य आहे. अशा मुलाचे काम तोंडी सांगितलेले व मोठ्यांनी लिहून घेतलेले असेल तर ते नमुना म्हणून द्यायला हरकत नाही, फक्त 'मुलाने सांगितले, मी लिहून घेतले, एकही शब्द बदललेला नाही' असे स्पष्ट लिहावे, आणि सूचनांत परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण सोबत द्यावे.

मुंग्यांची वही हा तुमच्या खोक्यातला मला सर्वांत आश्वासक वाटलेला कागद आहे. तुम्ही ओझरते लिहिले आहे की मुलीने रांगेच्या मधोमध ओल्या फडक्याने जमीन पुसली आणि मुंग्या तिथे येऊन घुटमळल्या. मुंग्या एकमेकींच्या मागे सोडलेल्या रासायनिक वासाच्या मागावर चालतात, माग पुसला की त्या गोंधळतात. हे ती पुस्तकात वाचून करत असेल तर तो एक प्रयोग झाला, आणि 'या एकमेकींना पाहून चालतात की आणखी कशाने' असा प्रश्न पडून करत असेल तर ती फार वरची गोष्ट झाली. यांतले काय घडले ते तिलाच विचारा आणि टिपणात खरे तेच लिहा. वहीतून पाने निवडताना एक अंदाज बांधलेले पान, तो अंदाज खोटा ठरल्याचे पान आणि त्यानंतर तिने काय बदलले ते पान, अशी तीन पाने एकत्र ठेवली तर तो एकच नमुना पुरेसा भारी होईल. मधल्या काही दिवसांच्या नोंदी राहिल्या असतील तर त्या आता भरून काढू नका. मी एकदा दहा वर्षांच्या मुलीने केलेला काठीच्या सावलीचा तक्ता पाहिला होता, दिवसभरात दर अर्ध्या तासाला घेतलेली मापे. दोन रकाने रिकामे होते आणि त्यांत फक्त 'ढग' असे लिहिलेले होते. खाली तिने प्रश्न विचारला होता की सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता का आली नाही. तो प्रश्न उत्तम होताच, कारण सूर्य माथ्यावर येण्याची वेळ आणि घड्याळातले बारा क्वचितच जुळतात. पण माझ्या मनात त्या मुलीबद्दल विश्वास निर्माण झाला तो त्या दोन 'ढगां'मुळे. जे पाहिले नाही ते तिने लिहिले नव्हते.

पुठ्ठ्याच्या पुलाबाबत अडचण अशी की वस्तू पाठवता येत नाही आणि छायाचित्रात सगळे पूल सारखेच दिसतात. एकच सुबक छायाचित्र देण्यापेक्षा तीन द्या: पूर्ण पूल, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळेल, जिथे तिने आधार बदलला किंवा जोड दिला तो भाग जवळून, आणि आधीचा मोडलेला पूल असेल तर त्याचे. मोडलेला पूल फेकून दिला असेल तर तिला तो आठवून कागदावर काढू द्या आणि त्यावर आजची तारीख घाला. चित्रफीत चालत असेल तर दोन मिनिटांत तिने स्वतः सांगावे की आधी काय केले, काय मोडले, मग काय केले. तुम्ही पडद्यामागून प्रश्न विचारू नका, पाठ करून घेऊ नका, अडखळली तर अडखळू द्या. पाठ केलेले बोलणे पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येते, कारण मूल वस्तूकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहत राहते.

चित्रांबद्दल फारसे बोलणार नाही. कार्यक्रम कलेचा नसेल तर पाचांत चित्राला जागा द्यावी की नाही हे चित्रात काय आहे त्यावर ठरवा. मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्रावरून बुद्धिमापन करण्याची पद्धत आणली. एकट्या चित्रावरून बुद्धी मोजणे आज पुरेसे मानले जात नाही, पण त्या पद्धतीतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, ती चित्राच्या सौंदर्याला गुण न देता मुलाने काय काय पाहिले आणि कोणते तपशील कसे जोडले ते मोजत असे. स्पर्धेत बक्षीस मिळालेले, रंग भरलेले निसर्गचित्र बाजूला ठेवा आणि तिने सायकलच्या साखळीचे, घड्याळाच्या आतल्या चक्रांचे, कोळ्याच्या जाळ्याचे असे काही पाहून काढले आहे का ते शोधा. प्रमाणपत्र नमुना नव्हे. त्यासाठी अर्जात वेगळा रकाना असतो, तिथे त्याची नोंद करा.

कवितेबाबत तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे की शिक्षकांनी ती पुष्कळ सुधारली. मग ती वगळा. मोठ्यांची मदत घेतलेले काम देऊच नये असे नाही. सगळीच मुले कोणाकडून तरी शिकतात. पण मदत कुठे संपली आणि मुलीचे काम कुठे सुरू झाले हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. 'पुठ्ठा मी कापून दिला, कुठे कापायचा ते तिने ठरवले' हे स्वच्छ वाक्य आहे. कवितेबद्दल असे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही.

एवढे झाल्यावर तुमच्यापुरता माझा कल सांगते. सूचना आड येत नसतील तर मुंग्यांच्या वहीतली पाने, गोष्टीतली पाने, पूल, आणि गणिताचे एखादे कच्चे काम हे चार. चाचण्यांच्या खोक्यात उत्तरपत्रिकांच्या मागची पाने पाहा. मुले तिथे आकृत्या काढतात, स्वतःला प्रश्न घालतात, आणि अनेकदा खरे गणित मागच्याच पानावर असते. पाचवा नमुना वर्षा-दोन वर्षांपूर्वीचा असावा, आणि तो वरच्या चारांपैकी एकाच्याच विषयातला असावा, म्हणजे सहा वर्षांची असताना तिने किड्यांबद्दल काय लिहिले होते आणि आज काय लिहिते, हे शेजारी शेजारी दिसेल. पाच वेगळ्या क्षेत्रांतले पाच तुकडे देऊन 'हिला सगळेच येते' असे दाखवण्याचा मोह मी समजू शकते, आणि काही वाचणाऱ्यांना ती विविधता आवडतेही. मला स्वतःला मात्र एका विषयात मूल किती खोल गेले आणि किती लवकर पुढे सरकले हे दिसले की निर्णय अधिक खात्रीने घेता आला आहे.

प्रत्येक नमुन्याला तीन-चार ओळींचे टिपण जोडा. बहुतेक पालक हे सोडून देतात किंवा त्यात विशेषणे भरतात. टिपणात चार गोष्टी हव्यात: तारीख आणि त्या वेळचे वय, काम कोणी सांगितले की स्वतःहून केले, कोणाची किती मदत होती, आणि वाचणाऱ्याने कुठे पाहावे. उदाहरणार्थ: 'वय आठ वर्षे तीन महिने. घरी, स्वतःहून, सुमारे दोन महिने चालू होते. भिंग आम्ही दिले, बाकी मदत नाही. दुसऱ्या पानावर तिने आधीचा अंदाज खोडून नवा लिहिला आहे तो पाहावा.' यापेक्षा एक शब्दही अधिक नको. 'तिला निसर्गाची विलक्षण ओढ आहे' हे वाक्य वाचणाऱ्याने स्वतः म्हणायला हवे; तुम्ही लिहिले की तो ते म्हणायचे टाळतो. वय महिन्यांसकट लिहा, कारण या वयात आठ महिन्यांच्या फरकाने कामाचे मोल बरेच बदलते.

पालकांचे पत्रही याच धर्तीवर असावे. नमुन्यांचीच पुन्हा ओळख करून देऊ नका. नमुन्यात न येणारे एक-दोन प्रसंग सांगा, घडले तसे, तिच्याच शब्दांत: तिने कोणता प्रश्न विचारला, उत्तर मिळाल्यावर पुढे काय विचारले, कोणत्या गोष्टीवर ती अडून बसली. तिला काय जड जाते हेही एका वाक्यात लिहिले तर पत्र अधिक विश्वासार्ह होते, आणि कार्यक्रमातल्या शिक्षकांना पुढे त्याचा उपयोग होतो.

हातातल्या तीन आठवड्यांचे म्हणाल तर पहिला आठवडा फक्त खोकी उपसण्यात घालवा आणि दहा-बारा कागद बाजूला काढा. मग ते मुलीसमोर मांडा आणि 'यातले कोणते काम करताना तुला सगळ्यात जास्त विचार करावा लागला?' असे विचारा. 'तुला कोणते आवडते?' असे विचारलेत तर ती तुम्हाला आवडणारे दाखवील, असा माझा अनुभव आहे. ती जे सांगेल ते लगेच लिहून ठेवा, टिपणांचा कच्चा मसुदा त्यातूनच तयार होतो. तिने निवडलेला आणि तुम्ही निवडलेला कागद वेगळा असेल तर निदान एका जागी तिचे ऐका. दुसऱ्या आठवड्यात छायाप्रती, छायाचित्रे आणि टिपणे पूर्ण करा, आणि तुमच्या मुलीला न ओळखणाऱ्या एखाद्या शहाण्या व्यक्तीला पाचही नमुने दहा मिनिटांसाठी देऊन 'या मुलीबद्दल तुम्हाला काय कळले?' एवढेच विचारा. दोन नमुन्यांतून त्यांना एकच गोष्ट कळली असेल, आणि तुम्ही ती वाढ दाखवण्यासाठी मुद्दाम तशी ठेवलेली नसेल, तर त्यांपैकी एक बदला.

तिसरा आठवडा मोकळा ठेवा. अर्जासाठी म्हणून तिच्याकडून नवे काही करून घेऊ नका; मुदतीच्या ताणाखाली केलेले काम त्या ताणाचाच नमुना होते, आणि मुलीला आपण तपासले जात आहोत असे वाटू लागते. मूळ कागद घरीच ठेवा, प्रतीच पाठवा, कारण अर्जाचे कागद परत मिळतातच असे नाही. आणि गोष्टीची वही तिच्या हाताशीच राहू द्या. पुढची पाने लिहायची असतील तर ती तिला लिहू दे, अर्जात गेलेल्या पानांशी त्यांचा मेळ बसो वा न बसो.